सकाळी काटा शून्यावर

मेस्त्रींना विचारा : वाचकांचे प्रश्न, गाड्यांची दुखणी

प्रश्न : मेस्त्रीकाका, स. न. वि. वि. माझ्या यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही प्रवासी वाहतुकीतली एक जुनी बस घेतली. सीटा काढल्या, आरटीओची परवानगी घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. पलंग, ओटा, कपाटं, पाण्याची टाकी सगळं इथेच सुताराकडून करून घेतलं. डिझेल गाडी आहे, एअर ब्रेक आहेत, मागे एअर सस्पेन्शन आहे. गणपतीनंतर एक दुखणं लागलंय. रात्री गाडी लावताना हवेच्या दाबाचे दोन्ही काटे, पुढच्या ब्रेकचा नि मागच्या, आठ बारवर असतात. जेवून आवरेपर्यंत, म्हणजे दोनेक तासांत, दोन्ही सहावर येतात. सकाळी बघावं तर मागच्या ब्रेकचा काटा शून्यावर आणि पुढचा साडेपाचच्या आसपास. शिवाय मागची डावी बाजू खाली बसलेली असते, त्यामुळे माझं डोकं खाली नि पाय वर! मग हवा भरेपर्यंत दहा मिनिटं इंजिनाचा आवाज नि धूर, शेजारपाजार जागा. आजवर दोन गॅरेजांनी मिळून कॉम्प्रेसरचं किट, एअर ड्रायर (हवेतलं पाणी काढणारा) आणि पायाचा ब्रेक व्हॉल्व्ह बदलला. चाळीस हजारांच्या वर गेले, काट्यात फरक नाही. ही गळती आम्हाला घरी शोधता येईल का? मी पेटी शिकवते, यंत्रातलं मला काही कळत नाही. हे गाडी चालवतात, पण गुडघ्यांमुळे खाली वाकवत नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : बाई, पेटी शिकवता आणि यंत्रातलं कळत नाही म्हणता? पेटीचा भाता लवकर बसायला लागला की तुम्ही काय करता? आधी सगळे स्टॉपर बंद करता, भाता भरता आणि तो किती वेळात उतरतो ते बघता. तरीही उतरला तर दोष भात्यात. नाही उतरला तर एकेक स्टॉपर ओढता, कुठला ओढल्यावर हवा जाते ते पाहता. मग पट्ट्या. बसची हवा शोधायची ती अशीच. एसटीच्या वर्कशॉपात ३४ वर्षं काढली, याहून वेगळी विद्या मला कोणी शिकवली नाही.

तुमच्या गॅरेजवाल्यांनी स्टॉपर बंद न करताच सूर बदलले. रात्री इंजिन बंद असतं. कॉम्प्रेसर हवा भरतो, राखत नाही. भरलेली हवा मागे फिरू नये म्हणून ड्रायरच्या तोंडाशी एकदिशा झडप असते. टाक्यांतली हवा रात्रभरात जातेय तर कॉम्प्रेसरचा त्यात संबंधच काय? ड्रायरवर संशय घ्यायला थोडी तरी जागा होती, पण इंजिन बंद करून अर्ध्या मिनिटाने त्याच्या खालच्या तोंडाशी ओला हात धरला असता तर तो फुकटात सुटला असता. पायाच्या व्हॉल्व्हचंही तसंच. तो आतून गळला तर हवा खालच्या एक्झॉस्टच्या तोंडातून येते. तिथे साबणाचा फेस लावायचा, फुगला तर दोषी.

आता तुमचं पत्र. तुम्ही दोन काटे वेगवेगळे लिहिलेत, ते फार बरं केलंत. निम्मं निदान त्यातच आहे.

तुमच्या गाडीला एक नाही, दोन गळत्या आहेत. दोन तासांत दोन्ही काटे बरोबर उतरतात ते डाव्या मागच्या बलूनमुळे, म्हणजे एअर सस्पेन्शनच्या हवा भरलेल्या रबरी पिशवीमुळे, किंवा त्याला हवा देणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हमुळे. तिथून हवा जात राहते आणि बाकीच्या टाक्या तिला पुरवत राहतात. मग दाब ठराविक आकड्याखाली आला की सिस्टिम प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, आपण एसपीव्ही म्हणतो तो, हवेच्या सगळ्या शाखा, म्हणजे पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, सस्पेन्शन, एकमेकींपासून तोडतो. एकाच्या घरातली चोरी दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणूनच तो बसवलेला असतो. त्याने शाखा तोडल्यावर पुढचा काटा साडेपाचवर थांबतो, म्हणजे पुढची शाखा धडधाकट आहे. मागचा मात्र शून्यावर जातो. म्हणजे मागच्या ब्रेकच्या शाखेला स्वतःचीच गळती आहे, बलूनचा तिच्याशी संबंध नाही. तेव्हा पुढचा अ‍ॅक्सल, पुढचे चेंबर (चाकापाशी हवेने ब्रेक दाबणारे डबे), पुढची टाकी विसरून जा. तिथे कोणी पाना लावायला आला तर चहा देऊन परत पाठवा.

घाबरू नका, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेत मोठ्या गाडीचं लायसन्स देताना हवेची परीक्षा घेतात. इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, अशा वेळी ट्रेलर नसलेल्या एका सुट्या गाडीचा दाब मिनिटाला २ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं तिकडचं माप) जास्त पडता कामा नये. पेडल दाबून धरलं तर ३. आपला ८ बार म्हणजे ११६ पीएसआय. तो दहा तासांत पुरा संपला, तरी मिनिटाला सरासरी ०.२ पीएसआयसुद्धा होत नाही. परीक्षेत चालते त्याच्या दहाव्या हिश्श्याची ही गळती. म्हणजे घाटात ब्रेक जाण्यातली ही गोष्ट नव्हे. पण म्हणूनच ती सापडायला चिवट आहे. धो धो गळतीचा आवाज येतो. ही नुसती कुजबुजते.

आणि कुजबुज ऐकायला तुमच्यासारखे कान लागतात.

गाडीखाली डोकं घालायच्या आधीचं मात्र नीट वाचा. बलूनवर उभ्या असलेल्या बसखाली कोणीही जायचं नाही. बलूनची हवा अचानक गेली तर सांगाडा क्षणात खाली बसतो आणि मधे माणूस मावेल एवढी जागा राहत नाही. जॅकवर भरवसा ठेवू नका. सांगाड्याच्या पट्टीखाली लोखंडी स्टँड लावलेले असले तरच आत शिरायचं. आपल्याकडे जांभ्याचा चिरा हाताशी असतो, तो लावायचा मोह होतो. चिरा घर बांधायला उत्तम, बसखाली लावायला नाही, दडपण आलं की उभा फुटतो. चाकांना मागे-पुढे लाकडी ठोकळे लावा, जमीन सपाट बघा. आणि एकही नट सोडण्याआधी सगळ्या टाक्यांची हवा ड्रेनने, म्हणजे टाकीच्या तळाच्या कॉकने, काढून टाका.

दुसरं. मागच्या चाकांशी दोन डब्यांचे जोडचेंबर असतात, त्यातला मागचा डबा स्प्रिंग ब्रेकचा. त्याच्या आत भयंकर ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली आहे. त्याचा पट्टा कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून, रस्त्यावर उघडू देऊ नका. शेडच्या पत्र्यातून आरपार गेलेलं त्याचं झाकण मी डोळ्यांनी पाहिलंय. नशीब, मधे कोणी नव्हतं.

आता तीन कसोट्या. तुमचे स्टॉपर म्हणा हवं तर.

पहिली, तुम्ही रोज नकळत करता तीच. हँडब्रेक लावलेला, पेडल सोडलेलं, इंजिन बंद. या स्थितीत ब्रेकच्या चेंबरांत हवा नसतेच. हँडब्रेक लावला की स्प्रिंगच्या डब्यातली हवा बाहेर सुटते आणि नुसती स्प्रिंग गाडी धरते. (म्हणूनच काटा शून्यावर गेला तरी तुमची बस उतारावरून घरंगळली नाही.) रात्रभराची तुमची गळती म्हणजे चेंबरांच्या आधीची. मागची टाकी, तिचा ड्रेन कॉक, टाकीपासून पायाच्या व्हॉल्व्हपर्यंत आणि रिले व्हॉल्व्हपर्यंत (टाकीतली हवा मागच्या चेंबरांना देणारा व्हॉल्व्ह) जाणारे पाइप, खुद्द रिले व्हॉल्व्ह, डॅशबोर्डमागचा काट्याचा नि बझरचा जोड, आणि बस बांधताना कोणी मधेच काही जोडलं असेल तर ते. एवढंच. ब्रेक चेंबर या यादीत नाहीत. कोणी 'चेंबरचे डायफ्रॅम (आतले रबरी पडदे) बदलू या' म्हणालं तर त्याला विचारा, ज्यात रात्री हवाच नसते तिथून ती जाते कशी?

दुसरी कसोटी हँडब्रेक सोडून. ठोकळे लावलेले, यजमान सीटवर बसलेले. मागच्या अ‍ॅक्सलपाशी रिले व्हॉल्व्ह किंवा क्विक रिलीज व्हॉल्व्ह असतो, त्याच्या एक्झॉस्टमधून आता हवा यायला लागली तर यजमानांना हँडब्रेक लावायला सांगा. आवाज थांबला? मग दोन डब्यांमधलं सील गेलंय, स्प्रिंगच्या बाजूची हवा पायाच्या ब्रेकच्या बाजूला शिरतेय आणि तिथून बाहेर पडतेय. तो चेंबर सबंध बदलायचा, उघडायचा नाही. थांबला नाही तर दोष व्हॉल्व्हच्या स्वतःच्या झडपेत. एका हँडब्रेकच्या खटक्याने हजारो रुपये वाचतात ते असे.

तिसरी पेडल दाबून. यजमानांनी पाय स्थिर धरायचा, काटा पहिल्यांदा एकदम उतरेल तेवढं सोडून द्यायचं आणि पुढे पाच मिनिटं काटा बघायचा. डायफ्रॅम फाटलेला असेल तर तो इथे बोलतो. तुमच्या रात्रीच्या दुखण्याशी या दोन्ही कसोट्यांचा संबंध नाही, तरी गाडी घाटात नेता म्हणून करून घ्याच. कुंभार्लीच्या उतारावर हे कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

तीनही वेळा वहीत लिहा. किती वाजता किती बार; पहिल्या दोन कसोट्यांत पंधरा-पंधरा मिनिटांनी. काट्यावर ०.१४ बार (त्या परीक्षेतले २ पीएसआय) म्हणजे केसभर फरक. एका मिनिटात तो डोळ्यांना दिसत नाही, पंधरा मिनिटांत दिसतो.

आवाज ऐकायचा तर सगळे सांगतात रात्री ऐका, सामसूम असते. कोकणात हा सल्ला कुचकामी आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आपले रातकिडे बारीक गळतीच्याच सुरात गातात, त्यात माडाच्या झावळ्यांची सळसळ. आणि तुम्ही बस किनाऱ्याला लावत असाल तर गाज ऐकताय की गळती, ब्रह्मदेवाला कळायचं नाही. भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की, गावाच्या आतल्या बाजूला गाडी लावा. हात-दीड हात रबरी नळी घ्या. एक टोक कानाला, दुसरं एकेका जोडापाशी. डॉक्टरांची नळी असते तसंच. तुमच्या पेटीतला चामड्याचा आवाज ज्या कानाने तुम्ही ओळखता, त्याच कानाने जोड ओळखाल.

नळीने जागा अंदाजे ठरली की साबण. घट्ट फेस करा आणि दाढीच्या जुन्या ब्रशाने जोडाला सगळीकडून लावा. रिठ्याचा फेसही छान टिकतो, आमच्याकडे साबण संपला की तोच चालायचा. लावून लगेच पुढे सरकू नका. तुमच्यासारख्या बारीक गळतीत बुडबुडा फुगत नाही. दोन मिनिटांनी तिथे दुधाच्या सायीसारखा पांढरा बारीक फेस साठतो. झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन काढा, साबण तसाच राहिला तर पितळ नि पत्रा खातो.

माझा संशय कुठे आहे ते सांगतो. पहिला मान मागच्या टाकीच्या बुडाला. गुहागरहून दापोलीकडे जाताना तुम्ही धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरत असणार. भरतीच्या वेळी धक्क्याच्या ओल्या उतारावरून खारं पाणी थेट सांगाड्याखाली उडतं. त्यात समुद्राकाठची हवा. टाकी लोखंडी, तिचा ड्रेन कॉक तळाला आणि आत चार महिन्यांच्या पावसाळ्याचं साठलेलं पाणी. बाहेरून मीठ, आतून पाणी. ड्रेनची सीट गंजून खडबडीत होते आणि हवा तिथून झिरपते. कॉक बदलायला दहा मिनिटं लागतात. पण टाकीच्याच पत्र्याला, शिवणीपाशी किंवा बुडाला, फेस आला तर वेल्डिंग करू देऊ नका. दाबाची टाकी आहे ती, घरचं पिंप नव्हे. नवी घ्या.

दुसरा संशय तुमच्या सुतारावर. कुडाळकडची अशीच एक फिरतं घर केलेली बस माझ्याकडे आली होती. मालकाने निम्मे व्हॉल्व्ह बदलून झालेले. उभी असताना हवा राहायची, फिरायला निघाली की जायची. तीन दिवस मी साबण लावत बसलो. चौथ्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, गॅसच्या सिलिंडरचं कपाट उघडलं की आत गार वारा लागतो. कपाट जमिनीला पक्कं करताना सुताराने तीन इंची स्क्रू प्लायवूडमधून खाली घातलेला, तो नेमका नायलॉनच्या पाइपात शिरलेला. गंमत म्हणजे स्क्रूनेच भोक बुजवलं होतं. गाडी हलली की तो सैल व्हायचा, उभी राहिली की पुन्हा घट्ट. म्हणून सांगतो, सुताराला बोलावून घ्या आणि सांगाड्याच्या पट्टीच्या वर कुठे कुठे स्क्रू मारलेत ते खडूने दाखवायला सांगा. रागावू नका त्याच्यावर, त्याला खाली काय आहे ते कोणी दाखवलंच नसणार.

तिसरं, हवेचा भोंगा किंवा हवेवरचा दरवाजा. बस बांधणारे जवळची टाकी बघून तिच्या पाइपाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारतात आणि भोंग्याला हवा देतात. भोंग्याचा छोटा व्हॉल्व्ह रात्रभर गळत राहतो नि सगळे अ‍ॅक्सलखाली शोधत बसतात. तो पाइप एक रात्र बूच मारून बंद ठेवा. सकाळी काटा उभा असेल तर पत्र टाका, मलाही बरं वाटेल.

बलूनचं आता थोडक्यात. एकच बाजू बसते, म्हणजे दोष त्या बाजूच्या बलूनमध्ये किंवा तिथल्या लेव्हलिंग व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टला फेस लावा. तो कोरडा राहिला तर बलून. बलूनच्या भेगा घडीत असतात, गाडी वर उचललेली असेल तेव्हाच उघडतात, म्हणून सांगाडा स्टँडवर घेऊन साबण लावा. खालच्या पत्र्याच्या कडेला विशेष बघा. समुद्राकाठच्या गाड्यांत तिथे गंज धरतो, फुगतो आणि रबराची कड उचलतो. बलून नवा घातला पण गंजकी थाळी तशीच ठेवली तर वर्षाच्या आत पुन्हा तेच. आणि जमलं तर दोन्ही कामं एका दिवशी करू नका. एक गळती बंद करा, रात्रभर काटे लिहा, मग दुसरी. नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही, पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : माझी मासळीची गाडी आहे, एअर ब्रेकची. आठ बार झाले की ड्रायर 'फुस्स' करतो आणि नंतरही इंजिन चालू असेपर्यंत खालून हवा येत राहते. मेकॅनिक म्हणतो ड्रायर गळतो, बदला.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : थांबा, पैसे मोजू नका. तुमच्या ड्रायरमध्येच अनलोडर असेल तर हे नैसर्गिक आहे. टाक्या भरल्या की कॉम्प्रेसर थांबत नाही, तो इंजिनाबरोबर फिरतच असतो. त्याची जास्तीची हवा ड्रायरच्या खालच्या तोंडातून बाहेर सोडली जाते. पहिला 'फुस्स' म्हणजे ड्रायर आपल्यातलं पाणी थुंकतो तो. इंजिन बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा. हवा थांबली तर ड्रायर ठीक. थांबलीच नाही तर त्यातली एकदिशा झडप गळतेय, तिचं किट मिळतं.

उलट, इंजिन चालू, गाडी उभी, ब्रेकला पाय नाही, आणि तरी दर मिनिटाला तो पुन्हा भरून पुन्हा थुंकत असेल, तर ड्रायर बिचारा साक्षीदार आहे, चोर त्याच्या पुढे कुठेतरी आहे. अशा गाडीत कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही, तो तापतो आणि तेल फेकायला लागतो. टाकीचा ड्रेन उघडून बघा. नुसतं पाणी आलं तर पावसाळ्यात रोज ड्रेन करत चला आणि ड्रायरचं कार्ट्रिज कधी बदललंय ते आठवा. दुधाळ तेलकट आलं तर कॉम्प्रेसरकडे बघायची वेळ झाली.

प्रश्न : हवेच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळली तर चालते का? नळाला आम्ही तीच लावतो.
— एक वाचक, दापोली

उत्तर : नळाला लावा. ब्रेकच्या हवेला नको. घट्ट करताना टेपचे तुकडे सुटतात, हवेबरोबर जाऊन रिले व्हॉल्व्हच्या झडपेखाली अडकतात, आणि एक गळती बुजवताना दुसरी तयार होते. नायलॉन पाइपाचा जोड गळत असेल तर पाइपाचं टोक धारदार पात्याने काटकोनात कापा, करवतीने नको. आत पितळी लायनर घाला, नवीन ऑलिव्ह (पाइपावर आवळून बसणारी कडी) घाला. या जोडात हवा ऑलिव्ह अडवतं, आटे नाहीत, त्यामुळे आट्यांना काहीच लावायची गरज नाही. टाकीत वळवायच्या निमुळत्या आट्यांच्या फिटिंगला पातळ सीलंट मिळतं, तेही पहिला आटा कोरा सोडून लावा.